धुळीचा डबा कोण रिकामा करतो? व्हॅक्यूम क्लीनरच्या पोटातील सव्वाशे वर्षे

#थ्रेड #इतिहास #घरकाम

१/
रोबो व्हॅक्यूम घरभर फिरून आपल्या जागेवर परततो, चार्जिंगला लागतो आणि फोनवर एक ओळ उमटते : ‘डबा रिकामा करा.’ झाडण्याचे काम माणसाकडून काढून घेणारे हे यंत्र शेवटी माणसालाच हाक मारते. ओंजळीत मावेल एवढा तो डबा; त्यात केस, वाळू, पोळीचा चुरा आणि करडी धूळ. धूळ गोळा करणे यंत्रांना केव्हाच साधले. ती उचलून बाहेर टाकायची कोणी, हा प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही. आजच्या धाग्यात या प्रश्नाचा इतिहास पाहू.

२/
ही कथा गालिच्यापासून सुरू होते. एकोणिसाव्या शतकात यंत्रमागांमुळे गालिचे स्वस्त झाले आणि इंग्लंड-अमेरिकेतील मध्यमवर्गीय घरांच्या जमिनी त्यांनी झाकल्या गेल्या. घरोघरी कोळशाच्या शेगड्या होत्या. त्यांची काजळी आणि रस्त्यावरची माती गालिच्यात मुरत असे. झाडू मारला की धूळ उडून पुन्हा तेथेच बसे. म्हणून वर्षातून एकदा-दोनदा गालिचे अंगणात नेऊन, दोरीवर टाकून, काठीने झोडपत. हे काम अंगमेहनतीचे असल्याने त्यात घरातील पुरुष, मुले आणि नोकर या सर्वांचा हातभार लागे. हा तपशील लक्षात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

३/
१८७६ मध्ये अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स येथील मेलव्हिल बिसेल या दुकानदाराने गालिचा झाडण्याच्या ढकलयंत्राचे पेटंट घेतले. चाके फिरली की आतील गोल ब्रश फिरे आणि कचरा यंत्राच्याच पोटातील कप्प्यात पडे. वीज नाही, हवेचे शोषण नाही. तरी एक मोठी गोष्ट घडली. कचरा आता सुपलीत न भरता यंत्राच्या आत साठू लागला, आणि यंत्राचे पोट वेळोवेळी रिकामे करणे हे एक नवे घरकाम जन्माला आले. १८८९ मध्ये मेलव्हिलच्या निधनानंतर त्याची पत्नी ॲना बिसेल हिने कंपनीची सूत्रे हाती घेतली.

४/
१९०१. ह्यूबर्ट सेसिल बूथ हा तरुण इंग्रज अभियंता लंडनमध्ये एका नव्या यंत्राचे प्रात्यक्षिक पाहायला गेला. ते यंत्र जोरदार हवा सोडून धूळ उडवत असे. बूथने विचारले, फुंकण्याऐवजी धूळ ओढून का घेत नाही? तसे करणे अशक्य आहे, असे उत्तर मिळाले. काही दिवसांनी एका उपाहारगृहात त्याने खुर्चीच्या मखमली पाठीवर रुमाल धरला, त्यावर ओठ टेकवले आणि जोराने श्वास ओढला. त्याला ठसका लागला. पण रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा डाग उमटला होता.

५/
त्या रुमालात पुढील सव्वाशे वर्षांचे तत्त्व सामावलेले होते. हवा आरपार जावी आणि धूळ अडून राहावी, एवढेच ते तत्त्व. पण यातच एक कायमची अडचणही होती. जे कापड धूळ अडवते, तेच धुळीने बुजते. आणि बुजले की हवा जात नाही. म्हणजे गाळणी जितके चांगले काम करील, तितक्या लवकर तिला साफ करावे लागेल. आज रोबोच्या डब्यातील फिल्टर टिचकी मारून झटकताना आपण बूथच्या रुमालाचाच वारसा चालवत असतो.

६/
बूथचे यंत्र इतके मोठे होते की ते घोडागाडीवर ठेवून रस्त्यावर उभे करीत. इंजिनाने चालणारा पंप, आणि खिडक्यांतून घरात शिरणाऱ्या लांब नळ्या. गणवेशातील कामगार नळ्या धरून खोल्या साफ करीत. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे या यंत्राने साफ केले गेले आणि त्याचा लौकिक वाढला. बूथने लोकांना यंत्र विकण्याऐवजी सफाईची सेवा विकली, हे येथे महत्त्वाचे. धूळ घराबाहेर गाडीत जमा होई आणि गाडीबरोबर निघून जाई. डबा रिकामा करणे हे पगारी कामगाराचे काम होते.

७/
त्या काळी धुळीकडे पाहण्याची दृष्टीही बदलत होती. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू शोधला आणि वाळलेल्या थुंकीची धूळ श्वासावाटे रोग पसरवते, ही भीती युरोप-अमेरिकेत रुजली. पूर्वी जी केवळ गलिच्छ होती, ती धूळ आता धोकादायक ठरली. पहिल्या महायुद्धात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये नौदलाच्या सैनिकांचा तळ होता. तेथे साथ पसरल्यावर बूथची यंत्रे बोलावली गेली आणि त्यांनी २६ टन धूळ काढली, असे सांगितले जाते. धूळ आता वजन करून दाखवण्याची वस्तू झाली होती.

८/
समुद्रापलीकडे ओहायोतील कँटन शहरात जेम्स मरे स्पँगलर हा साठीच्या उंबरठ्यावरचा गृहस्थ एका मोठ्या दुकानात झाडलोटीचे काम करीत होता. त्याला दम्याचा विकार होता आणि झाडताना उडणारी धूळ त्याच्या छातीत बसे. त्याने पंख्याची विजेची मोटर, पत्र्याची पेटी, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र जोडून एक यंत्र तयार केले. २ जून १९०८ रोजी त्याला पेटंट मिळाले. हाती उचलता येणाऱ्या विजेच्या व्हॅक्यूम क्लीनरचा इतिहास असा एका दमेकरी सफाई कामगाराच्या श्वासापासून सुरू होतो.

९/
स्पँगलरकडे भांडवल नव्हते. विल्यम हूव्हर हा त्याच परिसरातील चामड्याच्या खोगिरांचा व्यापारी. मोटारी आल्यावर खोगिरांना भविष्य नाही, हे त्याने ओळखले होते. त्याची पत्नी सुसान हिने स्पँगलरचे यंत्र घरी वापरून पाहिले आणि १९०८ मध्ये हूव्हरने पेटंटचे हक्क विकत घेतले. दहा दिवस फुकट वापरून पाहा, अशी जाहिरात देशभर झळकली. पुढे ब्रिटनमध्ये ‘हूव्हर’ हा शब्द व्हॅक्यूम करणे या अर्थाचे क्रियापदच बनला. स्पँगलरचे नाव मात्र फारसे कोणाच्या ओठी राहिले नाही. १९१५ मध्ये तो वारला.

१०/
बूथची गाडी जाऊन हूव्हरचे यंत्र आले, तशी धूळही घरातच राहू लागली. दांड्याला लटकणारी कापडी पिशवी भरली की ती सोडवायची, अंगणात नेऊन झटकायची, आणि झटकताना पुन्हा तीच धूळ नाकातोंडात घ्यायची. यावर १९२० च्या दशकात टोलेडो येथील एअर-वे कंपनीने भरली की फेकून देता येईल अशी कागदी पिशवी आणली. धूळ दिसणार नाही, हाताला लागणार नाही. सोय खरीच होती. पण आता यंत्र एकदा आणि पिशव्या जन्मभर विकत घ्यायच्या होत्या.

११/
गालिचे झोडपणारे पुरुष आणि मुले यांचे काय झाले? इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ च्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ या ग्रंथात याचे मार्मिक उत्तर दिले. यंत्राने मेहनत कमी केली, म्हणून घरातील इतर माणसे त्या कामातून बाहेर पडली. नोकरही कमी झाले. स्वच्छतेची अपेक्षा वाढली. वर्षातून दोनदा होणारे काम आता दर आठवड्याला करायचे होते, आणि तेही एकट्या गृहिणीने. यंत्राने वाचवलेला वेळ वाढलेल्या अपेक्षांनी गिळून टाकला.

१२/
याला आकड्यांचा आधार आहे. जोॲन व्हानेक यांनी १९७४ मध्ये अमेरिकेतील वेळ-नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९२० च्या दशकात पूर्णवेळ गृहिणी आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करीत होती. १९६० च्या दशकात, म्हणजे धुलाईयंत्र, शीतकपाट आणि व्हॅक्यूम क्लीनर घरात आल्यानंतर, हा आकडा सुमारे ५५ झाला होता. घरकामाच्या इतिहासात ‘यंत्र आले, काम संपले’ हे वाक्य म्हणूनच जपून लिहावे लागते.

१३/
आता आपल्याकडे येऊ. आपल्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा कधीच नव्हता. शेणाने सारवलेली जमीन, शहाबादी फरशी, मग मोझॅक आणि टाइल्स. अशा जमिनीला केरसुणी, झाडू आणि ओले फडके पुरेसे होते. त्यामुळे १९८२ मध्ये मुंबईत फोर्ब्स आणि स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स यांच्या भागीदारीतून युरेका फोर्ब्स सुरू झाली, तेव्हा तिच्यापुढे वेगळाच प्रश्न होता. ज्यांना व्हॅक्यूम क्लीनरची गरजच जाणवलेली नाही, त्यांना तो विकायचा कसा? कंपनीने टाय लावलेले तरुण विक्रेते थेट दारोदार पाठवले.

१४/
तो विक्रेता घरात येई, स्वच्छ दिसणाऱ्या गादीवर यंत्र फिरवी आणि मग निघालेली धूळ घरच्यांना दाखवी. घर लख्ख ठेवल्याचा अभिमान असलेल्या गृहिणीसाठी तो क्षण ओशाळवाणा असे. व्हॅक्यूमच्या व्यापाराचा गाभा येथे दिसतो. ग्राहक यंत्राच्या आवाजावर किंवा मोटरच्या शक्तीवर भाळत नाही; आपल्याच घरातून निघालेली धूळ पाहून तो हादरतो. क्रिस्टल पॅलेसच्या २६ टनांपासून आपल्या दिवाणखान्यातील त्या करड्या चिमटीपर्यंत युक्ती एकच आहे.

१५/
हीच युक्ती जेम्स डायसन या इंग्रज डिझायनरने यंत्राच्या अंगावरच चढवली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या लक्षात आले की, पिशवीची छिद्रे बुजताच यंत्राची ओढ मंदावते. लाकडाच्या गिरणीत भुसा वेगळा करण्यासाठी हवा गरगर फिरवणारा मोठा शंकू वापरतात. तसाच छोटा शंकू व्हॅक्यूममध्ये बसवण्याचे त्याने ठरवले. वेगाने फिरणाऱ्या हवेतील धूळ कडेला फेकली जाते आणि खाली पडते. पिशवीची गरज उरत नाही. ५,१२७ प्रारूपांनंतर त्याला हवे तसे यंत्र साधले. पिशव्यांवर नफा मिळवणाऱ्या कंपन्यांना त्यात रस नव्हता, हे ओघानेच आले.

१६/
१९९३ मध्ये डायसनचे डीसी०१ हे यंत्र ब्रिटनमध्ये आले, ते पारदर्शक डब्यासह. लोकांना घाण पाहायला आवडणार नाही, असा सल्ला त्याला मिळाला होता. त्याने तो मानला नाही आणि ग्राहकांनी त्याला साथ दिली. कागदी पिशवीने सत्तर वर्षे लपवलेली धूळ पुन्हा उजेडात आली. पण पिशवी गेली तशी तिची सोयही गेली. डबा केराच्या टोपलीवर उघडला की बारीक धूळ उसळते. स्पँगलरसारख्या दमेकऱ्यासाठी ही जवळजवळ १९०८ ची पुनरावृत्ती होती.

१७/
मग आले रोबो. इलेक्ट्रोलक्सचा ट्रायलोबाइट २००१ मध्ये बाजारात आला. पण खरी लोकप्रियता मिळाली ती २००२ मधील रूम्बाला, सुमारे २०० डॉलर किमतीमुळे. आयरोबोट ही त्याची कंपनी १९९० मध्ये एमआयटीतील कॉलिन अँगल, हेलन ग्राइनर आणि रॉडनी ब्रुक्स यांनी स्थापन केली होती. रूम्बाच्या निर्मात्यांपैकी जो जोन्स यांनी एक गमतीची हकिकत सांगितली आहे. मूळ आराखड्यात शोषण नव्हतेच. फिरत्या ब्रशने कचरा कप्प्यात टाकायचा, एवढेच होते. म्हणजे १८७६ चे बिसेल! ग्राहकांना ‘व्हॅक्यूम’च हवा होता, म्हणून नंतर एक छोटा शोषक बसवण्यात आला.

१८/
रोबोचा डबा इतका लहान का असतो? कारण तो पलंगाखाली आणि सोफ्याखाली शिरला पाहिजे. बुटक्या चकतीत बॅटरी, मोटर, चाके, ब्रश आणि संवेदक बसवून जी जागा उरते, ती धुळीची. बॅटरीवर चालत असल्याने शोषणाची ताकदही बेताचीच. मोठ्या यंत्रात थोडी गाळणी बुजली तरी मोटर रेटून नेते. रोबोला तेवढी सवड नसते. डबा भरला किंवा फिल्टर माखला, की तो फिरत राहतो आणि कचरा जागच्या जागी सोडतो. म्हणून त्याची देखभाल मोठ्या यंत्रापेक्षा अधिक वेळा करावी लागते.

१९/
यावरही उपाय शोधला गेला. २०१८ च्या रूम्बा आय७+ सोबत एक उभा तळ आला. रोबो त्यावर चढला की तळातील मोटर डब्यातील धूळ खेचून एका बंद पिशवीत भरते. तीस डब्यांची धूळ त्या पिशवीत मावते, असा कंपनीचा दावा होता. आणि ती पिशवी? भरली की फेकायची, नवी विकत घ्यायची. १९२० च्या दशकातील कागदी पिशवी अशा रीतीने शंभर वर्षांनी परत आली. रिकामे करण्याचे काम संपले नाही. रोजचे होते ते महिन्या-दोन महिन्यांनी करण्याचे झाले.

२०/
आतापर्यंतचा प्रश्न ‘धुळीला हात कसा लागणार नाही’ असा होता. आपल्या समाजात तो ‘कोणाचा हात लागावा’ असाही विचारला गेला. लक्ष्मीपूजनाला ज्या केरसुणीला आपण हळदकुंकू वाहतो, ती शिंदीच्या पानांपासून बनवण्याचे काम परंपरेने मातंग समाजाकडे होते. केरसुणी लक्ष्मी ठरली आणि ती घडवणारे हात गावाबाहेर राहिले. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्यांना आपल्या पावलांची धूळ पुसली जावी म्हणून कमरेला झाडू बांधावा लागे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ मध्ये नमूद केले आहे. धूळ येथे केवळ धूळ नव्हती.

२१/
शहरी घरांत ही जबाबदारी पुढे मोलकरणीवर आली. १९८० मध्ये पुण्यातील मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. घरकाम हे काम आहे, त्याला पगारवाढ आणि सुट्टी हवी, ही साधी गोष्ट त्यांनी संपूर्ण शहराला ऐकवली. २००८ मध्ये महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. २०२० च्या टाळेबंदीत सोसायट्यांची फाटके याच बायकांसाठी बंद झाली आणि त्याच काळात रोबो व्हॅक्यूमची मागणी वाढली. रोबोने नेमकी कोणाची जागा घेतली, हे यावरून कळावे.

२२/
२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणाने दाखवले की, भारतात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात. घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. या पार्श्वभूमीवर ‘आमच्या घरी रोबो झाडतो’ हे वाक्य ऐकले की इतिहासाच्या विद्यार्थ्याने एकच प्रश्न विचारावा : डबा कोण रिकामा करते? ब्रशला गुंडाळलेले केस कोण कापते? रोबो विकत घेणारा आणि त्याचे ॲप हाताळणारा अनेकदा एक असतो, तर डबा धरणारा हात दुसऱ्याच कोणाचा.

२३/
हे काम अवघड मुळीच नाही. शक्यतो प्रत्येक फेरीनंतर डबा रिकामा करावा. खिडकीत किंवा गच्चीत, नाकाला फडके बांधून, जुन्या वर्तमानपत्रावर सावकाश उपडा करावा. फिल्टर हळूच आपटून झटकावा. पुस्तिकेत धुण्यास परवानगी असेल तरच धुवावा आणि पूर्ण वाळल्याशिवाय, म्हणजे साधारण एक दिवस, परत बसवू नये. ओला फिल्टर मोटर बिघडवतो. ब्रशच्या दोन्ही टोकांना अडकलेले केस कात्रीने कापावेत आणि संवेदक कोरड्या मऊ फडक्याने पुसावेत. एकूण पाच-सात मिनिटांचे काम. घरातील कोणाही प्रौढ व्यक्तीला जमेल असे.

२४/
वर्तमानपत्रावर का? कारण आपल्या दारातून ही धूळ निघते तेव्हाही तिचा प्रवास संपलेला नसतो. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली; कचरा वेचणाऱ्या माणसांनी आपल्या श्रमाला मान मागितला. आपण सुटी धूळ बादलीत ओतली, तर ती पुढच्या माणसाच्या तोंडावर उडते. पुडी बांधून दिली तर उडत नाही. कागदाच्या एका घडीत एवढे सौजन्य मावते.

२५/
बूथच्या गाडीपासून रोबोच्या तळापर्यंत प्रत्येक यंत्राने धूळ थोडी दूर सरकवली; ती नाहीशी कोणीही केली नाही. प्रत्येक वेळी ती कोणाच्या तरी हाती येऊन थांबली : गणवेशातील कामगाराच्या, ओहायोतील दमेकऱ्याच्या, गृहिणीच्या, मोलकरणीच्या, कचरावेचक स्त्रीच्या. आज रात्री फोनवर ‘डबा रिकामा करा’ अशी ओळ उमटली आणि घरात तो नेहमी दुसरेच कोणी रिकामा करत असेल, तर या वेळी आपण उठावे. सव्वाशे वर्षांच्या इतिहासात आपल्या वाट्याला आलेले काम तेवढेच आहे.

काही चूक आढळल्यास जरूर दाखवावी. आपल्या घरातील पहिल्या व्हॅक्यूम क्लीनरची आठवण असेल तर खाली अवश्य लिहा; अशा आठवणीही इतिहासाची साधनेच असतात.